रकाना

वर्ग एकदम गप्प झाला तेव्हा मला वाटलं, प्रोजेक्टर गेला. वळून बघितलं तर स्क्रीन व्यवस्थित चालू होती. स्क्रीनवर मी बनवलेलं टेबल होतं आणि पंचवीस जण त्याकडे बघत होते. कुणीच टाइप करत नव्हतं.

किगालीतला माझा तिसरा आठवडा होता. रवांडाच्या या राजधानीतल्या एका छोट्या प्रशिक्षण संस्थेत चार महिने डेटाबेस शिकवायचं काम मी घेतलं होतं. पुण्यात पाच वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहून कंटाळलो होतो आणि बिनपगारी रजा मिळत होती. शिवाय सगळे जातात तिथे आपण जायचं नाही, अशी थोडी मिजासही होती. वर्गात वीस-बावीस वर्षांची मुलंमुली. हुशार, वेळेवर येणारी, आणि पुण्यातल्या कुठल्याही बॅचपेक्षा जास्त शांत.

त्या दिवशीचा विषय सोपा होता. कॉलेजच्या प्रवेशअर्जासाठी टेबल बनवायचं. नवीन उदाहरण तयार करायचा आळस केला आणि माझ्याच इंजिनिअरिंगच्या दिवसांतली जुनी असाइनमेंट काढून, गावांची नावं बदलून, स्क्रीनवर टाकली. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, वडिलांचं नाव. आणि सहावा रकाना 'कास्ट/कम्युनिटी'. त्याच्यापुढे 'नॉट नल', म्हणजे रिकामा ठेवून चालणार नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी तीच.

"टीचर, हा सहावा रकाना कोण वाचणार?"

तिने 'कशासाठी' असं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं. 'कोण वाचणार' याला नव्हतं. मी म्हणालो, "भारतात स्कॉलरशिपसाठी लागतो. इथे लागत नसेल तर काढून टाकू." ओळ उडवली. की-बोर्डांचा आवाज परत सुरू झाला आणि तास संपला.

संध्याकाळी लॅब बंद करताना तिथला सहकारी माझ्यासोबत पायऱ्या उतरला. माझ्याच वयाचा असेल. वर्गातली गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. "तू वाईट हेतूने केलं नाहीस हे त्यांना कळलंय," तो म्हणाला. "पण आमच्या आईवडिलांच्या ओळखपत्रावर तसा रकाना होता. शनिवारी न्यामाताला जाऊन ये. लांब नाही. सकाळी निघालास तर जेवायला परत येशील."

एवढं बोलून त्याने मोटोला हात केला, हेल्मेट घातलं आणि गेला.

*

न्यामाताला जाण्याआधी नावांबद्दल सांगायला हवं, कारण त्या तीन आठवड्यांत मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं होतं ते नावांनीच.

हजेरीपटावर दोन सख्ख्या बहिणी होत्या. त्यांची 'आडनावं' वेगळी होती. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. चौकशी केल्यावर कळलं की रवांडात आपल्यासारखं घराण्याचं आडनाव ही पद्धतच मुळात नाही. मूल जन्मल्यावर त्याला त्याचं स्वतःचं किन्यारवांडा नाव देतात, सोबत बहुधा एक ख्रिस्ती नाव असतं. बापाचं वेगळं, आईचं वेगळं, प्रत्येक भावंडाचं वेगळं. हाबिमाना म्हणजे 'देव आहे'. हाकिझिमाना म्हणजे 'देवच वाचवतो'. नावातून घरच्यांची आशा कळते, घराणं कळत नाही.

पहिले काही दिवस हजेरी घेताना माझं डोकं प्रत्येक नावाला चाचपून बघायचं. हा कुठला असेल? ही कुणापैकी? काहीच हाताला लागायचं नाही. तेव्हा लक्षात आलं की हे चाचपणं मी आयुष्यभर करत आलोय आणि माझ्यावरही होत आलंय.

माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, शेवटी 'कर' लागणारं. त्यावरून नक्की अंदाज येत नाही. पुण्यात खोली शोधताना फोनवर एजंट आधी आडनाव विचारायचा. मग "मूळचे कुठले?" तेवढ्यानेही भागलं नाही तर, "म्हणजे तुम्ही कोणते?" कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात तर याहून सोपी युक्ती होती. "सीईटीला किती?" एवढंच विचारायचं. मार्क आणि ब्रँच यांचं गणित जुळलं नाही की समोरचा मान डोलवायचा, "अच्छा, कॅटेगरीतून." मी पहिल्या आठवड्यात माझे मार्क पंधराने वाढवून सांगितले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

किगालीत मात्र मी फक्त 'मुहिंदे' होतो. भारतीय. रस्त्यावरची पोरं "मुहिंदे! मुहिंदे!" ओरडत हात हलवायची. त्या एका शब्दात मी, हिऱ्यांचा व्यापारी आणि मंदिराचा पुजारी, सगळे एकच. किती हलकं वाटायचं सांगू! एका रविवारी ओळखीच्या ओळखीतून एका भारतीय कुटुंबाकडे जेवायला गेलो, तर पहिल्या वाटीभर वरणाआधी काकांनी विचारलं, "बरं, आडनाव काय म्हणालात?" आणि तो हलकेपणा गेला.

*

शनिवारी सकाळी न्याबुगोगोच्या बसस्टँडवर गेलो. महिन्याचा शेवटचा शनिवार नव्हता, नाहीतर निघताच आलं नसतं. त्या दिवशी सकाळी सगळा देश 'उमुगांडा' करतो. रस्ते झाडतो, गटारं काढतो, झाडं लावतो आणि 11 वाजेपर्यंत वाहनं जवळपास थांबलेली असतात. स्टँड मात्र आपल्या एसटी स्टँडसारखाच. आरडाओरड, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, फोनचे चार्जर विकणारी पोरं. तिकीट छापून मिळतं, बसायला जागा असेल तरच. छोट्या कोस्टर बसमध्ये मधल्या वाटेतही घडीच्या सीट उघडतात, त्यामुळे शेवटच्या बाकावरच्याला उतरायचं असेल तर अर्धी बस उठते.

रवांडाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात ते किगालीत पटतं. एक चढ संपतो तोवर दुसरा सुरू होतो. पण दक्षिणेला निघालं की रस्ता खाली उतरत जातो आणि न्याबारोंगो नदी लागते. गढूळ, मातकट, दोन्ही बाजूंना पपायरसची उंच दाट बेटं. पूल ओलांडला की बुगेसेरा हा भाग. जमीन सपाट होते, हवा गरम होते. जुलै महिना, तिकडे उन्हाळ्यासारखा कोरडा. लाल माती रस्त्याकडेच्या केळीच्या पानांवर बसलेली. सायकलींच्या मागे पिवळे कॅन बांधून पाणी नेणारी माणसं. मला बीड-जालन्याच्या रस्त्याची आठवण झाली. शेजारच्या आजींनी खिडकी बंद करायची खूण केली, धूळ येत होती. मी बंद केली. "मुराकोजे," त्या म्हणाल्या. धन्यवाद.

हा भाग आधी ओसाड होता, हे मी वाचून गेलो होतो. दलदल, जंगल आणि त्से-त्से माश्या. 1959 मध्ये तुत्सींवर हल्ले सुरू झाले, त्यानंतर अनेक तुत्सी कुटुंबांना ट्रकमध्ये भरून इथे आणून सोडलं गेलं. तिकडे जगणार नाहीत, असाच हिशोब असावा. पण माणसं जगली. त्यांनी जंगल तोडलं, शेतं केली, शाळा काढल्या. स्कोलास्टिक मुकासोंगा ही फ्रेंचमध्ये लिहिणारी लेखिका अशाच एका कुटुंबातली, न्यामातात वाढलेली. तिची पुस्तकं मी परत आल्यावर वाचली. नदीकाठच्या त्या पपायरसमध्ये 1994 साली माणसं दिवसभर चिखलात आडवी पडून लपायची, हेही मला नंतरच कळलं. जाताना मी त्याचे फोटो काढत होतो.

*

न्यामाताचं चर्च बाहेरून चर्चसारखं वाटतच नाही. लाल विटांची, पत्र्याच्या छताची बैठी इमारत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय असावं तशी. आता तिथे प्रार्थना होत नाही, ते स्मारक आहे. 2023 मध्ये युनेस्कोने रवांडातल्या अशा चार स्मारकांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यातलं हे एक. आत फोटो काढायला परवानगी नाही. मार्गदर्शक म्हणून माझ्यापेक्षा थोडी मोठी एक बाई होती. तिने माझं नाव आणि देश विचारला, वहीत लिहिला आणि दार उघडलं.

आत बाकांवर कपडे आहेत. बाकांच्या रांगाच्या रांगा आणि प्रत्येक बाकावर कपड्यांचे ढीग. मातीच्या रंगाचे झालेले शर्ट, फ्रॉक, लुगड्यासारखी गुंडाळायची कापडं, लहान मुलांचे स्वेटर. मारल्या गेलेल्या माणसांच्या अंगावरचे. वर पत्र्याला भोकं पडलेली आहेत, गोळ्यांची आणि बॉम्बच्या तुकड्यांची. त्यातून उन्हाचे बारीक कवडसे कपड्यांवर पडतात. मी वर बघितलं आणि मग बराच वेळ वरच बघत राहिलो, कारण खाली बघवत नव्हतं.

ती बाई हळू आवाजात सांगत होती. 6 एप्रिल 1994 च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते सुमारे 100 दिवस चाललं. देशभरात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. बहुतेक सगळे तुत्सी, आणि त्यांना मारायला विरोध करणारे हुतूही. इथल्या लोकांनी चर्चमध्ये आसरा घेतला, कारण आधीच्या हल्ल्यांमध्ये चर्चने जीव वाचवले होते. या वेळी लोखंडी दार बॉम्बने उडवलं. चर्च आणि त्याच्या आवारात मारल्या गेलेल्यांचा इथे सांगितला जाणारा आकडा सुमारे 10,000 आहे. मागच्या बाजूला जमिनीखाली बांधलेल्या कबरींमध्ये आसपासच्या गावांतलेही मिळून चाळीस हजारांहून जास्त लोकांचे अवशेष आहेत.

"मारणारे बाहेरून आले होते?" मी विचारलं.

"शेजारी होते," ती म्हणाली.

काही जुनी ओळखपत्रंही तिने दाखवली. घडीची, पिवळी पडलेली. फोटो, नाव, जन्मगाव. आणि एक ओळ, 'उब्वोको'. त्यापुढे चार शब्द छापलेले, हुतू, तुत्सी, त्वा, नॅचरलाइज्ड. जे लागू नाहीत ते पेनाने खोडायचे. उरेल तो तुम्ही.

मी इंजिनिअर आहे. त्या कार्डाकडे बघताना माझ्या डोक्यात आधी जे आलं ते सांगायला लाज वाटते. डोक्यात आलं की हा 'इनम' आहे. डेटाबेसमध्ये एखाद्या रकान्यात ठरलेल्या यादीतलीच एक किंमत टाकता यावी असं बंधन घालतात, तो प्रकार. चार पर्याय, एक निवडा. रिकामं सोडता येत नाही. 'माहीत नाही' असा पर्याय नाही. 'दोन्ही' असाही नाही. मी दर आठवड्याला असं काहीतरी बनवतो. स्वच्छ डिझाइन म्हणतात याला. रस्त्यांवर अडथळे लावून उभ्या असलेल्या लोकांनी ही कार्डं मागितली. त्यांना चेहरे ओळखायची गरज नव्हती, वाचता येणं पुरेसं होतं.

"उब्वोको म्हणजे काय?" मी विचारलं.

"प्रकार," ती म्हणाली. "कशाचाही. बटाट्याचाही उब्वोको असतो. पूर्वी हा शब्द कुळासाठी वापरायचे. एकाच कुळात हुतू, तुत्सी, त्वा तिघेही असायचे."

बटाट्याचा उब्वोको. मी मनात मराठी केलं आणि थबकलो. आमच्याकडेही कृषी केंद्रात गेलं की विचारतात, कांद्याची कोणती जात लावली? आंब्याची जात, कोंबडीची जात. प्रकार. तोच शब्द, तेच वळण.

हुतू आणि तुत्सी हे भेद बेल्जियन लोकांनी शोधून काढले असं नाही. ते आधीही होते. पण त्यांच्यामधली रेघ थोडीफार हलायची. गुरंढोरं वाढली, दरबाराशी जवळीक झाली, की पिढी-दोन पिढ्यांत माणूस इकडून तिकडे जाऊ शके, असं इतिहासकार सांगतात. 1930 च्या दशकात बेल्जियन राजवटीने प्रत्येकाची नोंद केली, कार्डं दिली आणि रेघ शाईची झाली. बापाचं जे कार्ड तेच मुलाचं. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला, राज्यकर्ते बदलले, कार्डावरची ओळ तशीच राहिली. ज्या कारकुनाने तो रकाना आखला तो आणि ज्यांनी तो अडथळ्यांवर उभं राहून वाचला ते, यांच्यात साधारण साठ वर्षांचं अंतर आहे. कारकुनाला काय माहीत होतं?

'हा रकाना कोण वाचणार?' त्या मुलीचा प्रश्न मला तिथे, त्या कपड्यांच्या मध्ये उभं राहिल्यावर कळला.

बाहेर आल्यावर चर्चला लागून एक कबर दिसली. आंतोनिया लोकातेली, इटालियन बाई, इथे कित्येक वर्षं राहिलेली. 1992 साली इथे तुत्सींना मारायला सुरुवात झाली तेव्हा तिने परदेशी रेडिओला फोन करून ते जगाला सांगितलं. लगेचच तिला गोळी घातली गेली. म्हणजे दोन वर्षं आधी कुणीतरी मोठ्याने सांगून ठेवलं होतं.

निघताना त्या मार्गदर्शक बाईने मला विचारलं, "भारतातही कार्ड असतं का?"

"असतं. पण त्यावर जात नसते."

"मग कुठे असते?"

"नावात," मी म्हणालो. "आणि नावात नसली, तर पुढच्या दोन प्रश्नांत."

ती काही बोलली नाही. ती स्वतः कोण, तिच्या घरचे त्या एप्रिलमध्ये कुठे होते, हे मी विचारलं नाही. तिथे कुणी तसं विचारत नाही. 1994 नंतरच्या ओळखपत्रावर तो रकानाच नाही. अधिकृतरीत्या सगळे फक्त रवांडन आहेत. माझ्या वर्गातली ती मुलगी कोण, मला आजही माहीत नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा, माहीत नसणं हा सभ्यपणा आहे असं मला वाटलं.

*

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडजवळ एका दुधाच्या दुकानात बसलो. रवांडात चहाच्या टपरीसारखी दुधाची दुकानं असतात. गरम दूध किंवा 'इकिवुगुतो', म्हणजे घट्ट, आंबूस, ताक आणि दही यांच्या मधलं काहीतरी. मोठा मग घेऊन मी कोपऱ्यात बसलो. गावात शनिवारची गर्दी होती. शाळेचे गणवेश शिवणारा शिंपी, फोन रिचार्जची पिवळी छत्री, मोटोवाल्यांची भांडणं. तीसेक वर्षांपूर्वीचे मारणारे आणि वाचलेले, तुरुंगातून सुटून आलेले आणि विधवा, यांतलेच काही जण याच बाजारात एकमेकांसमोर भाजी घेत असतील. मग माझ्या हातातच राहिला.

मला पप्पा आठवत होते. खरं तर पप्पांची प्लास्टिकची फाइल.

आम्ही अनुसूचित जातीचे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात प्रमाणपत्र लागतं, आणि ते खरं आहे याचं दुसरं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी. त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा असेल तर काम सोपं होतं. आमच्याकडे जमीन नव्हती, म्हणजे सातबारा नव्हता. मग पप्पांना आठवलं की आजोबा तिसरीपर्यंत शाळेत गेले होते. दोन दिवस रजा टाकून ते गावी गेले. शाळेतल्या लोखंडी कपाटातून जुनं रजिस्टर निघालं. पानाचे कोपरे वाळवीने खाल्ले होते. आजोबांच्या नावाची दोन अक्षरं गेली होती, जन्मतारीख पुसट होती. जातीचा रकाना मात्र शाबूत होता. पप्पांनी तो उतारा आणला तेव्हा घरात पेढे वाटले होते. मी मित्रांना सांगितलं, मार्कांचे पेढे.

आजोबा सांगायचे, मास्तर त्यांना दाराशी बसवायचे, पाटी लांबून तपासायचे. म्हणजे तो रकाना भरला गेला तो कुणाला कुठे बसवायचं हे कळावं म्हणून. मास्तरांना काय माहीत, की साठ-सत्तर वर्षांनी दुसरं कुणीतरी ते पान उघडेल आणि त्याच नोंदीवरून याच्या नातवाला वर्गाच्या आत जागा देईल?

दोन कारकून. एक न्यामातातला, एक माझ्या गावातला. दोघांनी एकच काम केलं, माणसासमोर त्याचा 'प्रकार' लिहिला. एकाची नोंद वाचून माणसं मारली गेली. दुसऱ्याची नोंद वाचून मी इंजिनिअर झालो, विमानात बसलो आणि या दुकानात इकिवुगुतो पीत बसलो.

तिथे बसून मला कितीही वाटलं तरी 'आपणही तो रकाना पुसून टाकू' असं सरळ म्हणता येईना. रवांडाने पुसला कारण पुसल्याशिवाय शेजारी शेजारी राहणंच शक्य नव्हतं. आमच्याकडे कागदावरून जात गेली तर आडनाव राहील, गल्ली राहील, "म्हणजे तुम्ही कोणते?" राहील. जाईल तो फक्त आमच्याकडचा पुरावा. ज्यांना तो रकाना कधी भरावाच लागत नाही, 'ओपन'वर टिक करून जे पुढे जातात, त्यांनी "जात विचारताच कशाला?" म्हणणं मी खूप ऐकलंय. ते मला पटत नाही. पण आता 'भरून टाका, काय होतंय' असंही माझ्या तोंडून सहज निघणार नव्हतं. आपल्याकडे येत्या जनगणनेत जात मोजायचं ठरलंय. ती मोजायला हवी असंच मला वाटतं, आणि त्याच वेळी न्यामातातलं ते खोडलेले शब्द असलेलं कार्ड डोळ्यांसमोर येतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकाच वेळी आहेत आणि त्यांचं भांडण मिटलेलं नाही.

बस आली. पपायरसच्या बेटांमधून नदी परत लागली. या वेळी मी फोटो काढले नाहीत.

*

सोमवारी वर्गात मी माफी मागितली. लांबलचक नाही. न्यामाताला जाऊन आलो, एवढं सांगितलं. मग ते टेबल परत स्क्रीनवर टाकलं, सहाव्या रकान्यासकट, आणि माझ्या आजोबांच्या रजिस्टरची गोष्ट सांगितली. पुण्यात एकाही सहकाऱ्याला न सांगितलेली गोष्ट मी पाच हजार किलोमीटर लांब पंचवीस परक्या मुलांना इंग्रजीत सांगितली. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं.

पहिल्या बाकावरची मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे टीचर, तुमच्या वेळी वाचणारा चांगला होता."

"वाचणारा नाही, कायदा चांगला होता," मी म्हणालो. "त्या वेळी."

मग आम्ही असाइनमेंट बदलली. प्रत्येक गटाने आपल्या प्रोजेक्टमधल्या एकेका रकान्यापुढे चार गोष्टी लिहायच्या. हा कशाला हवा? आज कोण वाचणार? उद्या कोण वाचू शकेल? कधी पुसणार? सुरुवातीला त्यांना तो कंटाळवाणा गृहपाठ वाटला, मग वाद सुरू झाले. तिचा गट कॉफी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेसाठी नोंदवही बनवत होता. तिने 'जन्मतारीख' खोडून 'जन्मवर्ष' केलं. पुढे लिहिलं, 'तारखेची गरज नाही.' 'जन्मगाव' पूर्ण काढून टाकलं. 'वडिलांचं नाव' या रकान्यावर गटात अर्धा तास चर्चा झाली. ती किन्यारवांडात होती. मी खिडकीशी उभा राहिलो, अर्थ विचारला नाही.

त्याच रात्री बहिणीचा फोन आला. तिची बारावी झाली होती, इंजिनिअरिंगचे ऑनलाइन फॉर्म सुरू होते आणि घरचं नेट चालत नव्हतं. किगालीत नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे साडेबारा. "दादा, तूच भर ना. मी ओटीपी सांगते."

मी लॅपटॉप उघडला. नाव, जन्मतारीख, आईचं नाव. मग 'कॅटेगरी', खाली उघडणारी यादी. चारपेक्षा जास्त पर्याय होते, पण रिकामं ठेवता येत नव्हतं. पप्पांनी पाठवलेली पीडीएफ शेजारी उघडी होती. आजोबांच्या उताऱ्यावरून माझी व्हॅलिडिटी झाली होती आणि माझ्यावरून तिची. कर्सर यादीवर ठेवून मी थोडा वेळ तसाच बसलो.

"दादा, टाइम आउट होईल!"

मी पर्याय निवडला. प्रमाणपत्रं जोडली. सबमिट केलं. पावतीचा स्क्रीनशॉट तिला पाठवला. तिने तीन हार्ट पाठवले. पप्पांचा मागोमाग मेसेज आला, 'ओरिजनल फाइलमध्ये नीट ठेवलेत, काळजी करू नको.'

मग तिने विचारलं, "आता पुढे कोण बघतं हे?"

"स्क्रुटिनी सेंटरवाले," मी लिहिलं. तेवढंच मला माहीत होतं.